वर्कबेंचचा माथा: एका शीटमधून ३६ मिमी, आणि सहा मिमीचा पीळ

बारा मिमी प्लायची एकच ८ × ४ शीट आणली. तिच्यातून ५ × २ फुटांचे दोन अखंड तुकडे निघाले. उरलेल्या ३ × ४ मधून एक ३ × २ आणि एक २ × २. हे दोघे टोकाला टोक लावून मधला थर, वर-खाली अखंड थर. टोकाच्या सांध्यात फेविकॉल कितीही ओता, तिथे जोर नसतोच. सांधा धरून ठेवतात ते वर-खालचे थर. म्हणून तिथे डोवेल वगैरे काही घातलं नाही.

पहिले दोन थर जुलैत बल्कावावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, चिकटवले. तिथेच घोळ झाला. कडेने सहा सी-क्लॅम्प, मधोमध वजनाला दहा दगडी चिरे. दिसायला भारदस्त! पण एक चिरा तीस किलोचा धरला तरी दहा चौरस फुटांवर फुटाला तीसच किलो पडतात. दुसऱ्या दिवशी बोटाने ठोकत गेलो: कडेला ठक्क, मध्ये दोन ठिकाणी भदभद. त्या जागी ३ मिमीची भोकं पाडून सिरिंजने गम भरला आणि स्क्रूने आवळलं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. बल्कावाला पाणी जायला उतार असतो, हे ठाऊक असून विसरलो. कोपऱ्याकोपऱ्यांतून दोन तिरके दोरे ताणले तर मध्ये ते एकमेकांना टेकेनात, सहा मिमीचा पीळ. गम सुकताना प्लाय ज्या जागेवर पडलेलं असतं, तीच ठेवण धरून बसतं. ओळखीचे मेस्त (सुतार) बघून एवढंच म्हणाले, "बाबा, आधी जमीन बघायची, मग लाकूड."

तिसऱ्या थराला आत जुना फ्लश डोअर स्टुलांवर ठेवला, दोऱ्यांनी तपासून पाचरी मारल्या. त्यावर प्लॅस्टिक, मग वरचा थर उपडा, रोलरने सगळीकडे पातळ गम, त्यावर जुनी जोडी. मग पाठीकडून दर सहा इंचांवर सव्वा इंची स्क्रू, मधून सुरुवात करून कडेकडे. स्क्रू ४ मिमीचे, आणि पाठीकडच्या दोन्ही थरांत भोक साडेचारचं. भोक घट्ट असेल तर स्क्रूचे आटे जुन्या जोडीतही आणि वरच्या थरातही अडकतात आणि फट तशीच राहते. मी हे आधी भंगार तुकड्यांवर करून पाहिलं, खरंच कागद जाईल एवढी फट राहते.

पावसाळी हवेत गम रेंगाळतो, म्हणून दोन दिवस पंखा लावून ठेवला आणि मग सगळे स्क्रू काढले. पुढे बेंच डॉगसाठी, म्हणजे लाकूड अडवून धरायच्या खुंट्यांसाठी, १९ मिमीची भोकं पाडायची आहेत, ड्रिलला लोखंड भेटायला नको.

आता पीळ दोन मिमी. प्लायवर रंधा मारून वरचं व्हिनियर घालवणार नाही. पायांच्या चौकटीत एका कोपऱ्याला पाचर देईन. आईने बल्काव चतुर्थीआधी मोकळा मागितलाय, तेव्हा दोन्ही बाजूंना आणि कडांना सीलर मारून माथा सध्या पलंगाखाली. कडेला फणसाची पट्टी पाऊस ओसरल्यावर.