तुम्ही विचारलंत म्हणून: वेळ कुठून आणता?

शाळेतल्या सहकारी विचारतात, पुण्याच्या जाऊबाई फोनवर विचारतात. परवा इथे नागपुरात बर्डीच्या बाजारात रीळ घ्यायला थांबले, तर दुकानदारानंही विचारलं, "मॅडम, शाळा सांभाळून शिवण, चित्रं, हे सगळं करायला वेळ कुठून आणता?" मी दर वेळी "मिळतो बाप्पा कसातरी" म्हणून सुटते. आता एकदा बसून सांगते.

वेळ मला नागपूरचा मे महिना देतो, नको म्हटलं तरी. सकाळी अकरानंतर शहर दार लावून घेतं. चौकाचौकात हिरव्या जाळ्या ताणलेल्या, भर दुपारी कुठे कुठे सिग्नलसुद्धा बंद ठेवतात, कारण त्या उन्हात नव्वद सेकंद उभं कोण राहणार? मे 2024 च्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली होती. नंतर सेन्सर बिघडल्याचं कळलं, पण आमच्या गल्लीत ते कुणाला पटलेलं नाही. विदर्भातल्या शाळा उघडतातही जूनच्या अखेरीस, बाकी महाराष्ट्राच्या नंतर. म्हणजे मी विज्ञान शिकवणारी बाई, रोज बारा ते पाच कूलरसमोर कोंडलेली. झोप येत नाही. मग हात चालतात.

या मेमध्ये काय काय झालं, तेही विचारता म्हणून सांगते. कैरीचं लोणचं झालं. मोगऱ्याची दोन कलमं लावली, एक वाळलं. माउथ ऑर्गनवर सा ते सा नीट वाजवता येऊ लागलं, त्यापुढची प्रगती शेजाऱ्यांनी विनंतीपूर्वक थांबवली.

चित्रांचं जरा सविस्तर सांगते. ठरवलं होतं, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रोज एक जलरंगातलं चित्र, बसल्या जागेवरून दिसेल त्याचं. एकतीस दिवसांत बावीस झाली. त्यातली नऊ कूलरचीच आहेत, दुसरं दिसतं काय? खिडकीतून समोरच्यांचा बहावा दिसतो, पिवळे झुंबर लटकावल्यासारखा. तो काढायला घेतला तेव्हा खरी अडचण कळली. मागे आभाळाचा पातळ निळा हात द्यायचा होता. डावीकडून कुंचला फिरवत उजवीकडे पोचेस्तोवर डावी बाजू कडकडीत वाळलेली, मध्ये रेघ उमटलेली. पुन्हा हात दिला, पुन्हा रेघ. माझं आभाळ सतरंजीसारखं पट्ट्यापट्ट्यांचं झालं.

दहा वर्षं मुलांना बाष्पीभवन शिकवतेय आणि हे आधी सुचू नये! आपल्या हवेत उन्हाळ्यात बाष्प फार कमी, म्हणून कूलरच्या ओल्या ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं, उडताना हवेतली उष्णता घेतं आणि कूलर गार वारा फेकतो. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसता चिकचिकाट करेल. ज्या कोरडेपणावर आपण उन्हाळा काढतो, तोच माझं आभाळ खात होता. मग कूलरच्या अगदी पुढ्यात बसून पाहिलं. तिथे कागद पापडासारखा वाकडा झाला आणि रंग अर्धा तास ओलाच. शेवटी जागा सापडली ती बैठक आणि झोपायच्या खोलीच्या मधल्या उंबऱ्यावर, एक पाय गारव्यात, एक पाय भट्टीत. बहाव्याचं चौथं चित्र तिथलं आहे, आणि ते बरं आहे.

कुरोड्यांचं मात्र विचारू नका. (जाऊबाई कुरडया म्हणतात.) तीन दिवस गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाटून, पिळून चीक काढला, रात्रभर निवळू दिला. पहाटे पाचला गॅसवर घोटायला घेतला. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा होतो, पळी जड होते, बुडबुडा फुटताना फटकन हातावर उडतो. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, गार झाला की दाबताना खांदा निखळतो. नवऱ्यानं दाबलं, मी गच्चीवर घातल्या. साडेआठपर्यंत एकशेचाळीस कुरोड्या. इथलं ऊन म्हणजे संध्याकाळी खडखडीत. पण चारला उत्तरेकडून काळं आलं, वावटळ उठली आणि मी जिना चढेपर्यंत टपोऱ्या गारा. एकशेचाळीसचा परत चीक. वाटीभर गरम चीक साखर-तूप घालून पहाटेच खाल्ला होता, तेवढाच पदरात पडला.

आता उत्तराचा दुसरा भाग, जो मी दुकानदाराला सांगितला नसता. मे महिना तर पंधरा वर्षांपूर्वीही होता. तेव्हा घरात नणंदांची मुलं धरून आठ पोट्टे, रोज दोन डझन आंब्यांचा रस, रात्री गच्चीवर गाद्या. त्या दुपारी मी एक टाका घातला नाही. आता मुलगा बंगळुरात, मुलगी पुण्यात. कूलरमध्ये बादलीनं पाणी नवरा भरतो, चारचा चहाही तोच करतो. ही दुपार मला उन्हानं दिली, तशी रिकाम्या घरानंही दिली.

आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. एप्रिलपर्यंत त्या दोनला यायच्या. मला कसंतरी व्हायचं, म्हणून म्हटलं, सकाळी साडेसहाला येत जा. आल्या. मला वाटलं, चांगलं केलं आपण. आठवड्यानं त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "तुमचं सकाळी केलं त दुसरं घर दुपारी येते ना, ताई." चार घरं आहेत त्यांची, ऊन कुठल्या तरी घराच्या वाट्याला जाणारच. माझ्या मांडीवरचं शिवण पाहून त्यांनी विचारलं, "दुपारचं झोपत काहून नाही तुम्ही?" म्हटलं, झोप येत नाही. म्हणाल्या, "मले त उभ्या उभ्या येते."

ते शिवण म्हणजे गोधडी. सासूबाईंची दोन नागपुरी लुगडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, आत जुनी चादर. पंचेचाळीस अंशांत मांडीवर गोधडी घेऊन बसणारी गल्लीत मी एकटीच. कडेनं धावदोरा घालत आत आत जायचं, दुपारी एक वीत झाली तरी पुष्कळ. कूलरच्या ओलाव्यानं दोरा लुळा पडतो, टाचणीउशीतल्या सुया गंजतात, म्हणून सुई रोज पदराला पुसून घेते. लुगड्याच्या काठाशी आले की कापड जाड लागतं, सुई अंगठ्यात शिरते. काठावर दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके आहेत, सासूबाईंना आवडले नसते.

आता शाळा उघडली. मृगाचा पाऊस पडला तेव्हा हवा दमट झाली, कूलर निरुपयोगी झाला आणि आभाळाचा हात एकदाचा सलग बसला, पण पुढचं काढायला वेळ कुठे? गोधडी अर्धी झाली आहे, दिवाणावर पसरलेली. आलात तर बसण्याआधी हात फिरवून बघा, सुई त्यातच कुठेतरी टोचलेली आहे.