कांद्यासारखा सोलणारा दगड

आज पहाटे भाच्याला घेऊन अंजनेरीला गेले. अर्ध्या वाटेतच मला धाप लागली, मग सरळ बसकण मारली. हा पठ्ठ्या शेजारचा गोल धोंडा नखाने खरवडत बसला. "मावशी, हा तर कांद्यासारखा सोलला जातोय!"

खरंच की. पापुद्र्यावर पापुद्रे, बाहेरचे मातकट नि ठिसूळ, आत मात्र काळा घट्ट गोळा. बेसाल्टला, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या खडकाला, उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यांत वर्षानुवर्षं पावसाचं पाणी मुरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यांना ते दोन-तीन बाजूंनी भिडतं, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी दगडाचा गोटा होतो. नाशिककराला याहून सोपी उपमा कुठली मिळणार!

समोर ब्रह्मगिरीचे आडवे थर स्वच्छ दिसत होते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकावर एक पसरत गेलेला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार. (माकडांनी आमची बिस्किटं पळवली, ते वेगळंच.)

भाच्याने एक पापुद्रा खिशात टाकला होता. घरी येईपर्यंत त्याची नुसती माती झाली. आता पँट बघून ताई माझ्यावर डाफरतेय.