शंभरपैकी शंभर, आणि बास्केटमध्ये तीन चादरी

वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या गूगलच्या लाइटहाऊस या साधनानं अ‍ॅक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता येते का याला, शंभरपैकी शंभर गुण दिले होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याची ही वेबसाइट आमच्या टीमनं बनवलेली, दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. त्याआधी एका दृष्टिहीन टेस्टरला बसवलं. काम एवढंच: एक चादर मागवा. ऑर्डरच्या पानावर पोचले तेव्हा बास्केटमध्ये तीन चादरी होत्या.

हे टेस्टर सर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात, लॅपटॉपचा स्क्रीन बंद ठेवून. पहिलंच वाक्य तुटक आलं. पान मराठी, पण कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली. टेम्पलेटमधून आलेलं 'ईएन' कुणी बदललंच नव्हतं, त्यामुळे इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करत बसला. मराठीचा 'एमआर' केलं, काम झालं. मशीन फक्त भाषेचा कोड वैध आहे का ते बघतं; पान त्या भाषेत आहे का, हे बघत नाही.

मग फोटो. "आयएमजी डॅश दोन शून्य दोन तीन शून्य एक एक चार डॅश डब्ल्यूए…" गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो तसेच चढवलेले, आणि आमच्या स्क्रिप्टनं फाइलचं नावच ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोच्या वाचून दाखवायच्या वर्णनात, टाकलेलं. ऑल्ट आहे ना? मग पास! तिथं हवं होतं: 'लाल-पांढरी जेकार्ड चादर, मध्ये मोर, काठाला वेलबुट्टी.' शोभेच्या नक्षीला मात्र ऑल्ट रिकामं ठेवायचं. ऑल्ट कोडमधून काढूनच टाकलं, तर काही वेळा पुन्हा फाइलचं नाव ऐकू येतं.

किंमत ऐकू आली, "८९९, ६४९." यातली खरी कुठली? जुन्या किमतीवर सीएसएसची (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडची) नुसती रेघ मारलेली, आणि रेघ ऐकू येत नाही. दोन्ही आकड्यांआधी 'मूळ किंमत' आणि 'आताची किंमत' असे शब्द घातले, डोळ्यांना न दिसणारे. ते सीएसएसच्या 'डिस्प्ले नन'नं लपवू नका, स्क्रीन रीडरलाही सापडत नाहीत. एक पिक्सेलचा चौकोन करून आत कापून ठेवायचे.

आता त्या तीन चादरी. 'बास्केटमध्ये टाका' हे बटन नव्हतंच, बटनासारखा रंगवलेला डिव्ह, म्हणजे कोडमधला साधा चौकोन, होता. टॅब त्यावर थांबेना. सरांनी खालच्या बाणानं एकेक ओळ ऐकत ते गाठलं. एनव्हीडीए "क्लिकेबल" म्हणालं, त्यांनी एंटर दाबला. शांतता. पुन्हा एंटर. शांतता. तिसऱ्यांदा दाबून ते म्हणाले, "झालं का न्हाई, कळंना की ओ!" आम्हाला मात्र वर कोपऱ्यात हिरवी पट्टी तीनदा चमकून गेलेली दिसली होती.

डिव्हच्या जागी खरं बटन घातलं. डिव्हलाच बटनाची भूमिका आणि टॅबइंडेक्स (टॅब कळ तिथं थांबावी म्हणून) चिकटवायचा मोह होतो, पण मग एंटर आणि स्पेस दोन्ही कळांचं कोड आपल्यालाच लिहावं लागतं आणि स्पेस हमखास राहतो. हिरव्या पट्टीतला मजकूर स्क्रीन रीडरनं आपणहून वाचावा म्हणून तिला 'स्टेटस' ही भूमिका दिली, तरी गप्पच! पट्टी क्लिकनंतर जन्माला येत होती. रिकामा डबा पान उघडतानाच तिथं असावा लागतो, मजकूर नंतर त्यात टाकायचा. तसं केल्यावर "एक चादर बास्केटमध्ये टाकली" असं ऐकू आलं.

दुपारी अंशतः दृष्टी असलेल्या बाईंनी पान ४०० टक्के मोठं केलं. ब्राउझरमध्ये ६४० पिक्सेल उंची होती, ती १६० झाली. वर चिकटलेला हेडर ७०, खाली सवलतीची पट्टी ५०. चादरीसाठी उरले ४०. फटीतून बघावं तसं. उंची ४०० पिक्सेलपेक्षा कमी असेल तर दोन्ही चिकटायचे थांबतील, असा मीडिया क्वेरीचा (स्क्रीनच्या मापानुसार लागू होणारा) नियम घातला. ४०० टक्क्यांची कसोटी अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ पासून आहे, तरी डिझाइन करताना कुणी झूम करून बघत नाही.

सगळ्यात वेळ खाल्ला तो घाऊक दरपत्रकानं. पीडीएफ दिसायला सुरेख, ऐकायला निव्वळ कचरा. डीटीपीवाल्यानं युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. आकार देवनागरीचे, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं. ओळखायची रीत सोपी आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मालक म्हणाले, "ते राहू द्या की, दुकानदार बघूनच घेतात." पण घाऊक दर दुसरीकडे कुठेच नव्हते, म्हणून पीडीएफ काढून दरांचा खरा तक्ता केला, प्रत्येक रांग-रकान्याला शीर्षक देऊन. मजकूर कन्व्हर्टरमधून काढला खरा, पण रफार घसरला आणि सगळ्या 'जेकार्ड'चं 'जेकाडर्' झालं. ते रात्री आठपर्यंत हातानं दुरुस्त करत बसलो.