उत्सवातलं खातं

वाईत जुन्या माणसाची ओळख करून देताना आडनावाच्या आधी आळी सांगतात. मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही. त्याच्याही आत आणखी एक ओळख असते, कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवातल्या कामाची. अमका कोठीवर, तमका भट्टीवर, हे काका पंगतीवर. एरवी माणूस बँकेत साहेब असो नाहीतर एसटीत कंडक्टर, उत्सवात त्याचं खातं ठरलेलं.

माघापासून चैत्रापर्यंत हे चालतं. एका आळीचा उत्सव उठला की पुढच्या आळीचा बसतो. नदीकाठी मांडव, त्यात कृष्णाबाईची मूर्ती, रात्री कीर्तन आणि मग महाप्रसाद. 1659 मध्ये अफजलखान वाईत तळ देऊन होता, तेव्हा ते संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला, त्यातून हा उत्सव सुरू झाला अशी कथा आहे. कागदपत्रांचं काय ते अभ्यासकांनी पाहावं. आमच्याकडे ती प्रत्येक पिढीला पंगतीची पानं मांडताना ऐकायला मिळते, आणि सांगणाऱ्यागणिक खानाचं सैन्य वाढत जातं.

आम्ही आता साठी-सत्तरी ओलांडलेले चारदोघे ढोल्या गणपतीपाशी बसतो. 1762 सालचं हे देऊळ रास्त्यांनी बांधलं. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. तिथे बसल्यावर गाडी पंगतीवरच येते. वाढप्याला बढती कशी मिळायची, हा आवडता विषय. पोरसवदा असताना पत्रावळ्या मांडायच्या. मग मीठ, मग पाणी. मीठ नेमक्या जागी पडलं नाही तर वरच्याची नजर पुरायची, बोलायला लागायचं नाही. भाजीपर्यंत पोचायला मिसरूड फुटावं लागे. आणि आमटी? कढत बादली एका हातात, ओगराळं दुसऱ्यात, वाकून चालायचं आणि कुणाच्या अंगावर थेंब उडू द्यायचा नाही. आमटी हातात आली त्या वर्षी आमच्यातल्या एकाचं लग्नही ठरलं. दोन्हींचा संबंध होता असं तो अजून म्हणतो.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणाला खटकली नाही. घरोघरी तांदूळ निवडणाऱ्या, गहू पाखडणाऱ्या, मसाले कांडणाऱ्या बायकांना खातं नव्हतं. शेवटच्या दिवशी वाढप्यांना, आचाऱ्यांना नारळ मिळे, यांना नाही. उत्सव त्यांच्याच निवडण्या-टिपण्यावर उभा होता, हे आम्हाला फार उशिरा दिसलं. दिसलं म्हणण्यापेक्षा घरातून सुनावलं गेलं.

आता पोरं पुण्या-मुंबईला. उत्सव तिथीवर, त्यांची सुट्टी रविवारी. महाप्रसाद रविवारी करावा का, यावर दरवर्षी बैठकीत आवाज चढतात. टेबल-खुर्च्यांवरूनही वाद झाला. मी खाली बसण्याच्या बाजूने होतो, पण गुडघ्यांनी माझ्याविरुद्ध मत दिलं. वाढपी कमी पडतात हेही खरं. ज्यांना मीठही कधी वाढायला दिलं नाही अशांच्या हाती थेट आमटी येते.

कोठीची किल्ली सध्या आमच्या आळीतल्या एका सुनेकडे आहे. तिच्या सासऱ्यांकडे वर्षानुवर्षं ती होती. ते वहीत बोरूच्या वळणाचं अक्षर काढत, ही मोबाइलवर हिशेब ठेवते. मध्यंतरी तिनं उरलेली गुळाची ढेप पुढच्या आळीला उसनी देऊन टाकली. मोठाली पातेली, काहिली आळ्या एकमेकींना देतातच, पण गूळ? म्हातारे दोन दिवस कुरकुरत होते. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. पुढच्या माघात ढेप परत आली, आणि सोबत त्या आळीचे चार वाढपी.