वाड्यातले दप्तर संग्रहालयात देताना: माझा अनुभव

पुण्याच्या जुन्या पेठांत वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून, फडताळातून ‘रुमाल’, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बाहेर येतात. अशी दप्तरे संग्रहालयात पोचवण्याच्या कामात मी सगळ्यात जास्त जपतो तो कागदांचा मूळ क्रम. कागद कितीही देखणा असो, तो कोणत्या रुमालात आणि कशाच्या शेजारी होता हे हरवले की त्याचा अर्धा अर्थ गेला.

म्हणून गाठ सोडण्याआधी फोटो काढायचे: गाठीचा, फडक्यावरच्या चिठ्ठीचा आणि वरच्या कागदाचा. मग वरून खाली एकेक कागद उचलून मागच्या कोऱ्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक टाकायचा. रुमाल ३ मधला सतरावा कागद म्हणजे ३/१७. बॉलपेन नको, स्टिकर नको. घरची मंडळी हौसेने मोडी एकीकडे, इंग्रजी दुसरीकडे अशी विभागणी करून ठेवतात, ती थांबवावी लागते. पेशवाईतल्या खरेदीखतात इंग्रजी अमलातली पावती घातलेली असेल, तर मालकी शाबीत करायला कोणीतरी हे कागद मुद्दाम एकत्र काढलेले असू शकतात.

सफाई फक्त कोरडी. मऊ ब्रश मधून कडेकडे फिरवायचा. मोडी कागदांवरची शाई बहुतेक काजळ-डिंकाची असते. ती उजेडाने विटत नाही, पण ओला बोळा लागताच पसरते. नंतरच्या काळातली लोखंडी शाई तपकिरी होते आणि अक्षराच्या रेषेतच कागद खाते, त्यामुळे असा कागद पुन्हा घडी घालून ठेवू नये. गंजलेली टाचणी ओढली की भोक फाटते. कागद आणि टाचणी यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती सैल करावी. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना मी साफ नकार देतो: टेपचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो आणि लॅमिनेशन काढताच येत नाही. जिवंत कसर किंवा वाळवी दिसली तर तो रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून संग्रहालयाला आधी कळवावे. एका खोक्यातून कीड अख्ख्या भांडारात जाते.

लांब कागद म्हणजे खळीने एकाखाली एक चिकटवलेले तुकडे, आणि जुने सांधे सुटतात. अशा वेळी पाठ पाहावी. सांध्यावर शिक्का किंवा अक्षरे असली तर अर्धा भाग एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर सापडतो. ते अर्धे जुळले की क्रम पक्का.

यादी करताना खरी अडचण तारखेची. जुन्या मराठी कागदांवर शुहूर सनाचे वर्ष अरबी अंकशब्दांत लिहीत: ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे ५ + ९० + १०० + १०००, शुहूर सन ११९५. शुहूर वर्ष मृगाला (जूनच्या सुरुवातीला) सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. इथे १७९४-९५ निघते. तेच वर्ष फसली या महसुली सनात १२०४ आणि शकात १७१६-१७. कागदावर जे लिहिले आहे ते जसेच्या तसे एका रकान्यात आणि काढलेले इसवी वर्ष वेगळ्या रकान्यात लिहावे, म्हणजे चूक झाली तर पुढच्या वाचकाला दुरुस्त करता येते. पेठांची जुनी नावेही तशीच ठेवावीत: शनिवार पेठ मुर्तजाबाद, शुक्रवार विसापूर, रविवार मलकापूर. नकाशा जुळवायला त्यांचाच उपयोग होतो.

कागद देण्याआधी ४०० डीपीआयला टिफ स्कॅन करून एक प्रत घरी ठेवावी. हक्काचा वाद कोर्टात चालू असेल तर त्या कागदांचे मूळ देऊ नये, स्कॅन द्यावेत. दानपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. एकाची राहिली की संग्रहालयाला दप्तर स्वीकारणे अवघड होते. परदेशातल्या भावंडाला आठवण म्हणून एखादी सनद देण्याचा विचार घरात निघतोच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ऐतिहासिक मोलाचा, किमान ७५ वर्षे जुना दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हे तेव्हाच सांगावे.

संग्रहालयाला दोन प्रश्न विचारायचे: दप्तर एकत्र राहील का, आणि भांडारातली आर्द्रता वर्षभर साधारण ४५ ते ५५ टक्के राहते का? पुण्याच्या पावसाळ्यात हा दुसरा प्रश्न फार मोलाचा, कारण दमट भांडारात कागदाला बुरशी धरते. पोच घेताना नुसती ‘जुने कागद, एक पेटी’ अशी घेऊ नये. आपली यादी जोडून, प्रत्येक पानावर सही घेऊन, दाखल क्रमांक (संग्रहालयाच्या नोंदवहीतला) मिळेल तेव्हा तो आपल्या प्रतीवर चढवावा.