चौदाव्या चालीवरचा दावा

बुद्धिबळ स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा डाव जेमतेम 14 चालींचा होता. फेरी सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या मुलीने घड्याळ थांबवून मला बोलावले. पटावर चाल न करता तिने ती कागदावर लिहिली होती, वजीर डी6, म्हणजे वजीर डी6 या घरात, आणि या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येते, म्हणून डाव बरोबरीत सोडवावा, असा तिचा दावा होता. दाव्याची रीत हीच आहे; चाल आधी खेळून टाकली की त्या वेळचा हक्क जातो, आणि भलेभले इथे चुकतात.

डाव बर्लिन बचाव या सुरुवातीचा होता. 2000 साली लंडनमध्ये क्रॅमनिकने कास्पारोव्हकडून जगज्जेतेपद घेतले, तेव्हा गाजलेल्या फाट्यात आठव्याच चालीला वजीर पटावरून जातात आणि काळा राजा डी8वर येऊन कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, हक्क गमावतो. इथे मात्र पांढऱ्याने सहाव्या चालीला उंटाने घोडा न मारता प्याद्याने ई5वरचे प्यादे मारले होते. या वाटेवर पुढे पांढरा वजीर ई4वरून शह देतो, काळा वजीर ई6वर आडवा येतो, दोघेही मागे फिरतात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते.

समोरच्या मुलाने हरकत घेतली. काळा वजीर डी6वर दोनदाच परतला, पहिल्यांदा तो तिथे प्यादे मारून आला होता, असे त्याचे म्हणणे होते. मी दोघांसमोर दुसऱ्या पटावर डाव पहिल्यापासून लावला. स्थिती कोणत्या चालीने आली याला नियमात महत्त्व नाही; मोहरे त्याच घरांत हवेत, पाळी त्याच खेळाडूची हवी आणि शक्य असलेल्या चालीही त्याच हव्यात. ही शेवटची अट फसवी आहे, म्हणून मी काळ्या राजावर नजर ठेवून एकेक चाल तपासली. राजा मध्ये एकदा जरी हलून परतला असता, तर कॅसलिंगचा हक्क गेल्यामुळे पट हुबेहूब दिसूनही आधीची स्थिती मोजता आली नसती. पण राजा ई8वर आणि दोन्ही हत्ती कोपऱ्यांत पहिल्यापासून तसेच होते. दहाव्या, बाराव्या आणि आता चौदाव्या चालीनंतरची स्थिती एकच ठरली. मी दावा मान्य केला.

दर चालीला मिळणारे 30 सेकंद जमवून पंधराव्या चालीला वाट बदलायची, असा त्या मुलाचा बेत होता, आणि त्यात गैर काहीच नव्हते. फक्त त्याने मोजणी बाराव्या चालीपासून धरली होती. त्याने मला दहाव्या चालीनंतरची स्थिती पुन्हा लावायला सांगितली, डी6वरच्या वजिराकडे बराच वेळ पाहिले आणि मग कागदावर सही केली.