टाके निघाले, पण घराचं काय?

संक्रांत आली की नागपुरात दरवर्षी मांजानं कोणाचं ना कोणाचं लेकरू कापल्या जाते. राष्ट्रीय हरित लवादानं (एनजीटी) २०१७ मध्येच देशभर नायलॉन मांजावर बंदी घातली तरी तो मिळूनच राहिला, त्याच्यावर लिहायला बसली तर रात्र पुरणार नाही. आज लिहायचं आहे ते टाके निघाल्यानंतरचं.

माझा भाचा स्कूटीवर समोर उभा होता, गालापासून गळ्यापर्यंत कापला. जखम भरली पण पोरगा झोपेत दचकायचा, अंथरूण ओलं करायचा, आणि भाऊजींनी तर स्कूटीला हातच लावणं सोडलं, शहराच्या 'आपली बस'नं ऑफिसला जायचे. घरी येणारा प्रत्येक जण नारळपाणी ठेवायचा अन् विचारायचा, "समोर कायले उभं केलं होतं बापा?" की भाऊजी उठून आतल्या खोलीत. ताईजवळ सगळे बसायचे, तिला रडता तरी यायचं, बापाला कोणी विचारतच नाही हो!

आणि मोठी पोरगी. तिच्याकडे तर कोणाचंच लक्ष नव्हतं. मी तिला एकटीलाच फुटाळा तलावावर घेऊन गेली, मक्याचं कणीस खाता खाता म्हणते, "मावशी, मीच पतंग आणायला लावला होता ना, म्हणून झालं का?" इतके दिवस हे पोटात घेऊन फिरत होती ती! अशा वेळी "काही नाही गं, विसर" म्हणून चालत नाही, तुझ्यामुळे नाही झालं हे स्पष्ट सांगावं लागते, आणि परत परत सांगावं लागते.

पहिले काही आठवडे भीती, वाईट स्वप्नं, चिकटून राहणं हे साहजिक आहे, बहुतेक लेकरांचं हळूहळू कमी होते. लेकराकडून जबरदस्तीनं वदवून घेऊ नका, पण त्यानं विचारलं तर खरं सांगा. महिना उलटूनही झोप, शाळा, खेळणं जागेवर येत नसेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आणि फक्त लेकरासाठी नाही, आईबापानंही स्वतःसाठी करावा, लेकरू त्यांच्याच तोंडाकडे पाहून ठरवते ना की आता भ्यायचं की नाही. भाऊजींनी एका रात्री स्वतःहूनच केला.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर कसं झालं ते विचारू नका, डबा घेऊन जा, मोठ्या पोराला शाळेत सोडून या, आणि बापाजवळ थोडं बसा.